भाड्याचं कोठार, पण माल कुणाच्या नावावर?

"भिया, तुमच्या अस्ट्राहसमध्ये माझा माल ठेवायला जागा मिळेल का? महिन्याला किती इस्क घ्याल?" इंदूरच्या मराठी खेळाडूंमध्ये ईव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या ऑनलाइन गेमच्या गप्पा निघाल्या की हा प्रश्न हमखास येतो. अस्ट्राहस म्हणजे खेळाडूंनी अवकाशात उभारलेलं, स्टेशनासारखं बांधकाम आणि इस्क म्हणजे गेममधलं चलन. उत्तरही बहुतेक वेळा एका वाक्यात मिळतं: "ठेव की, ॲक्सेस देतो." व्यवहार झाला असं दोघांनाही वाटतं. प्रत्यक्षात महत्त्वाचं काहीच ठरलेलं नसतं. माल कोणत्या हँगरमध्ये (कोठारात) जाणार, तो कुणाच्या नावावर राहणार, दार बंद झालं तर तो कुठे जाणार आणि तो सोडवण्याचा खर्च कुणी भरायचा, हे चार प्रश्न तसेच राहतात.

सियागंजात गाळा भाड्याने घेतला की भाडेकरू त्याला स्वतःचं कुलूप लावतो. मालकाशी वाजलं तरी किल्ली आपल्या खिशात असते. ईव्हमध्ये असं कुलूप मिळत नाही. दार मालकाचंच राहतं आणि तो ते कधीही लावू शकतो. माल मात्र भाडेकरूच्या नावावर ठेवता येतो, आणि सगळं संरक्षण त्या एका गोष्टीत आहे. भाडेकरार गेमला दिसत नाही, मालकी दिसते. त्यामुळे जागा घेताना आधी मालकीचं बघायचं, भाड्याचं नंतर.

जागा मुळात भाड्याने का घ्यावी लागते, ते आधी. गेमच्या स्वतःच्या स्टेशनांत प्रत्येक पात्राला हँगर फुकट असतो आणि त्याला घनमीटरची मर्यादा नसते. जिटा या मोठ्या बाजारपेठेच्या स्टेशनात कितीही खनिज टाका, कुणी भाडं मागत नाही. म्हणजे भाडं घनफळाचं नसतं, पत्त्याचं असतं. जिथे गेमचं स्टेशन नाही पण खाण जवळ आहे, जिथून पुढच्या बाजारात माल उतरवणं सोपं आहे, किंवा जिथे मोठं जहाज उभं करायचं आहे, तिथेच कुणाच्या तरी बांधकामात जागा मागावी लागते. मालकाने "माझ्याकडे भरपूर जागा आहे" असं सांगितलं तर त्याला फारसा अर्थ नाही. जागा सगळ्यांकडे भरपूरच असते. बांधकाम कोणत्या सिस्टिममध्ये (ताऱ्याभोवतीच्या भागात) आहे, त्यात इंधन आहे का आणि त्याच सिस्टिममध्ये दुसरं दार, म्हणजे माल ठेवता येईल असं दुसरं स्टेशन किंवा बांधकाम, आहे का, हे विचारायचं.

जहाजाचा मुद्दा लगेच बघून घ्यावा. अस्ट्राहस, रायतारू, अथानोर ही मध्यम आकाराची बांधकामं. त्यांत साधी जहाजं आणि फ्रेटर (अवजड मालवाहू जहाजं) डॉक होतात, म्हणजे आत जाऊन उभी राहतात, पण कॅपिटल नावाची प्रचंड लढाऊ जहाजं होत नाहीत. त्यांना फोर्टिझार किंवा त्याच्या तोडीचं मोठं बांधकाम लागतं आणि त्याहून मोठ्या सुपरकॅपिटलला कीपस्टार हे सगळ्यात मोठं. भाडं ठरून, जहाज तिथवर नेऊन, मग दाराशी "डॉक करता येत नाही" असा संदेश बघण्यापेक्षा हे आधी विचारलेलं बरं. बाजाराचंही तसंच आहे. मार्केटची सेवा मध्यम बांधकामात बसतच नाही. "इथेच ठेव आणि इथेच विक" असं कुणी अस्ट्राहसबद्दल सांगत असेल तर त्यातलं दुसरं वाक्य खरं नाही.

तीन तऱ्हा, त्यातली एक टाळायची

पहिली तऱ्हा सगळ्यात साधी. मालक भाडेकरूच्या पात्राला डॉक करण्याची परवानगी देतो आणि भाडेकरू आपला माल स्वतःच्या आयटेम हँगरमध्ये टाकतो. हा हँगर व्यक्तिगत असतो. बांधकामाचा मालक त्यात काय आहे ते बघू शकत नाही, काढू तर मुळीच शकत नाही. एकट्या व्यापाऱ्याने याच तऱ्हेने जागा घ्यावी.

दुसरी तऱ्हा कंपूसाठी. चार-सहा जणांचं स्वतःचं कॉर्पोरेशन (खेळाडूंनी गेममध्ये काढलेली संस्था) असेल तर ते मालकाच्या बांधकामात ऑफिस घेऊ शकतं. ऑफिसचं भाडं किती ते मालक बांधकामाच्या प्रोफाइलमध्ये (सेटिंगच्या संचात) ठरवतो आणि दर 30 दिवसांनी ते बिल होऊन भाडेकरू कॉर्पोरेशनच्या पाकिटातून जातं. ईव्हमध्ये "भाडं" ही गोष्ट गेम स्वतः वसूल करतो ती एवढ्या एकाच ठिकाणी. ऑफिसबरोबर सात कप्प्यांचा कॉर्पोरेशन हँगर मिळतो. इथे चूक होते ती बिलात. पाकिटात शिल्लक नसली की बिल थकतं, ऑफिस जातं आणि आतला माल अडकतो. बिल आपोआप भरण्याची सोय चालू करावी आणि त्या पाकिटात निदान दोन महिन्यांचं भाडं कायम ठेवावं.

तिसरी तऱ्हा लोकांना सोपी वाटते आणि नुकसान तिथेच होतं. मालक सांगतो, "तू आमच्या कॉर्पोरेशनमध्ये ये, तुला पाचवा कप्पा देतो." भाडेकरू आत येतो, पाचव्या कप्प्यात माल टाकतो आणि त्या क्षणी तो माल कॉर्पोरेशनचा होतो. कप्प्याला "शिंदे स्टोअर" असं नाव दिलं तरी मालकी नावाने ठरत नाही. कप्पा बघण्याचा आणि त्यातून काढण्याचा अधिकार वेगवेगळा असतो. बघण्याचा दिला आणि काढण्याचा दिला नाही, तर आपलाच माल काचेआडून बघत बसावं लागतं. शिवाय डिरेक्टरला सगळे कप्पे उघडे असतात. कॉर्पोरेशन सोडलं की दोन्ही अधिकार जातात, माल मागे राहतो.

यावर पासवर्डचा उपाय सुचवला जातो. सुरक्षित कंटेनरला दोन पासवर्ड लावता येतात, एक उघडण्याचा आणि एक मांडणी बदलण्याचा. ऑडिट लॉगचा कंटेनर असेल तर कुणी काय काढलं याची नोंदही राहते. नोंद ठेवायला ही उत्तम सोय आहे. पण कॉर्पोरेशनच्या कप्प्यात ठेवलेला कंटेनर कॉर्पोरेशनच्याच मालकीचा असतो, आतल्या मालासकट. पासवर्डने मालकी परत येत नाही. म्हणून परक्या कॉर्पोरेशनच्या कप्प्यात भाड्याने माल ठेवू नये. एकाच घरातले भाऊ किंवा वर्षानुवर्षांचे सोबती असतील तर गोष्ट वेगळी, पण मग त्याला भाडं म्हणत नाहीत.

(अवकाशात नांगरून ठेवायचे कंटेनर हा चौथा पर्याय जुने खेळाडू सांगतात. जायंट सिक्युअर कंटेनर जहाजात 3,000 घनमीटर जागा खातो आणि आत 3,900 घनमीटर माल घेतो, म्हणून वाहतुकीला तो छान आहे. नांगरून ठेवला तर कुणीही त्याच्यावर गोळ्या झाडू शकतो आणि 30 दिवस कुणी उघडलाच नाही तर तो नाहीसा होतो. खाणीजवळ तासाभराचा माल टाकण्यापुरताच तो वापरावा.)

मालकाने दार कसं उघडायचं

हे काम कॉर्पोरेशनमध्ये स्टेशन मॅनेजरचा अधिकार असलेल्या पात्राला करता येतं. आधी भाडेकरूंसाठी वेगळी ॲक्सेस लिस्ट (कुणाला आत येता येईल त्यांची यादी) करायची आणि तिला ओळखता येईल असं नाव द्यायचं, उदाहरणार्थ "भाडेकरू". तिच्यात भाडेकरूचं पात्र सदस्य म्हणून घालायचं. मॅनेजर किंवा ॲडमिन म्हणून घालायचं नाही, कारण मग तो आपल्या मर्जीने आणखी लोक आत घेऊ शकतो. नंतर बांधकामाच्या प्रोफाइलमध्ये डॉकिंगच्या सेवेला ही लिस्ट जोडायची.

इथे एक बारीक जागा आहे, नवे मालक नेमके तिथे घसरतात. प्रोफाइल एका बांधकामाचं नसतं. एकच प्रोफाइल चार बांधकामांना लावलेलं असू शकतं, आणि लिस्ट जोडली की ती चारही दारं उघडतात. भाडेकरूला अस्ट्राहस द्यायचा होता, पण त्याच प्रोफाइलवर चंद्राच्या खाणीचा अथानोरही असेल तर तो तिथेही डॉक होणार. म्हणून भाड्याच्या बांधकामासाठी नवं प्रोफाइल करावं, ते फक्त त्यालाच लावावं आणि मग लिस्ट जोडावी. शेवटी भाडेकरूला रिकाम्या शटलने येऊन डॉक करून बघायला सांगावं. शटल डॉक झालं की मगच माल हलवायचा.

कॉर्पोरेशनचं नाव लिस्टमध्ये घालायचं की एकेका पात्राचं? एकेका पात्राचं घालणं कटकटीचं असलं तरी तेच करावं. कॉर्पोरेशन घातलं तर उद्या त्यात जो कुणी भरती होईल त्याला दार उघडं, आणि त्या भरतीवर आपला काही ताबा नसतो.

दार बंद झालं तर

भाडेकरूने सगळ्यात नीट समजून घ्यावा असा हा भाग आहे. दार चार प्रकारे बंद होतं: मालक ॲक्सेस काढतो, मालक बांधकाम दुसऱ्याला देऊन टाकतो, मालक ते उचलतो, किंवा कुणीतरी ते पाडतं. पहिल्या दोन प्रकारांत माल आत तसाच राहतो, तुमच्या नावावर, फक्त तिथवर जाता येत नाही. पुढच्या दोन प्रकारांत तो ॲसेट सेफ्टीत जातो.

ॲसेट सेफ्टी म्हणजे तुमचा सगळा व्यक्तिगत माल एका गठ्ठ्यात बांधून गेम स्वतः सुरक्षित ठेवतो. पाच दिवस झाले की तो गठ्ठा त्याच सिस्टिममधल्या दुसऱ्या स्टेशनात किंवा तुम्हाला ॲक्सेस असलेल्या दुसऱ्या बांधकामात पाठवता येतो. त्याचं शुल्क मालाच्या अंदाजित किमतीच्या 0.5 टक्के. सिस्टिममध्ये अशी दुसरी जागा नसेल तर 20 दिवसांनी गठ्ठा लो-सिक्युरिटीतल्या, म्हणजे कमी सुरक्षेच्या धोक्याच्या भागातल्या, जवळच्या स्टेशनात जातो आणि तो सोडवायला 15 टक्के भरावे लागतात.

आकडा घालून बघा. कोठारात 200 कोटी इस्कचा माल आहे. शेजारी दुसरं दार असेल तर खर्च 1 कोटी आणि खोळंबा पाच दिवसांचा. दुसरं दार नसेल तर 30 कोटी, 20 दिवस, आणि वर लो-सिक्युरिटीतून माल काढून आणण्याची जोखीम. एवढ्या दिवसांत बाजारभाव कुठे गेला असेल ते वेगळंच. त्यामुळे एकाच मालाला दोन सिस्टिममध्ये एकच भाडं देणं बरोबर नाही. दुसरं दार नसलेल्या सिस्टिममधली स्वस्त जागा हिशेबात महागच पडते. जागा शोधताना नकाशावर आधी हे बघावं आणि दुसऱ्या बांधकामाचा ॲक्सेस आजच मागून ठेवावा. गठ्ठा बांधला गेल्यावर तो मागत फिरणं फार उशिराचं असतं.

ॲसेट सेफ्टी आपण स्वतःही सुरू करू शकतो, हे अनेकांना माहीत नसतं. मालकाने रात्री ॲक्सेस काढला तर भांडत बसायची गरज नाही. आपल्या मालाच्या यादीत ते बांधकाम निवडून तिथला माल ॲसेट सेफ्टीत टाकता येतो. दिवस आणि शुल्क तेच. एकदा टाकला की मागे घेता येत नाही, म्हणून मालकाशी एकदा बोलून मगच करावं. पण हा रस्ता आहे म्हणूनच मालक तुमचा माल ओलीस ठेवून वाढीव भाडं मागू शकत नाही. त्याच्या हातात फार तर 0.5 किंवा 15 टक्क्यांचा धाक असतो. कुणी त्याहून जास्त मागत असेल तर सरळ गठ्ठा बांधावा.

दोन ठिकाणी हे संरक्षण नाही. पहिलं वर्महोल, म्हणजे नेहमीच्या नकाशाबाहेरच्या सिस्टिम. तिथे ॲसेट सेफ्टीच नाही. बांधकाम पडलं की माल अवकाशात सांडतो आणि पाडणारा उचलतो. वर्महोलमध्ये भाड्याने जागा घेणाऱ्याने उद्या गेला तरी चालेल एवढाच माल ठेवावा.

दुसरं ठिकाण फसवं आहे, कारण ते आधी सुरक्षित असतं आणि मग नसतं. बांधकामातल्या सेवा इंधनाच्या ब्लॉकवर चालतात. इंधन संपलं, सगळ्या सेवा बंद पडल्या की बांधकाम लो पॉवरमध्ये जातं. तसं सात दिवस राहिलं की ते बेवारस ठरतं. 2020 च्या मे महिन्यात हा बदल आला. बेवारस बांधकामाला ॲसेट सेफ्टी लागू होत नाही आणि पाडणाऱ्याला मधली थांबण्याची मुदतही पाळावी लागत नाही. मालकाने खेळणं सोडलं, कुणाला सांगितलं नाही, आणि आतल्या भाडेकरूंचा माल लुटारूंना मिळाला, असं घडतं ते याच वाटेने.

इंधन किती दिवसांचं उरलंय हे भाडेकरूला दिसत नाही, फक्त बांधकामाची स्थिती दिसते. हल्ल्याची सूचनाही मालकाच्या कॉर्पोरेशनला जाते, भाडेकरूला नाही. म्हणून आठवड्यातून निदान दोनदा स्थिती बघायची. लो पॉवर दिसलं की त्याच दिवशी विचारायचं, आणि तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर माल बाहेर काढायचा. सातव्या दिवसाची वाट बघायची नाही. इंधन भरणं वाटतं तेवढं हलकं काम नसतं, हेही भाडेकरूने लक्षात घ्यावं. ताशी 10 ब्लॉक खाणारी एक सेवा 30 दिवस चालवायला 7,200 ब्लॉक लागतात. एक ब्लॉक 5 घनमीटरचा, म्हणजे 36,000 घनमीटर माल दर महिन्याला ओढून आणायचा. भाडं मागणाऱ्या मालकाचा खरा खर्च तो असतो, आणि तो वेळेवर करणाऱ्याला चार पैसे जास्त द्यावेत.

माल सोडून आणखी एक गोष्ट लोक भाड्याच्या जागेत ठेवतात: जंप क्लोन, म्हणजे आपल्या पात्राचं राखीव शरीर. बांधकाम पडलं की क्लोन मरतो आणि त्यातले इम्प्लांट (पात्राची क्षमता वाढवणारी साधनं) जातात. ॲसेट सेफ्टी त्यांना वाचवत नाही. महागडे इम्प्लांट असलेला क्लोन गेमच्या स्टेशनातच ठेवावा.

माल तिथवर पोचवताना

भाडं ठरलं की पुढचं काम कुरिअर कॉन्ट्रॅक्टचं, म्हणजे दुसऱ्या खेळाडूकडून माल पोचवून घेण्याच्या कराराचं. त्यात मोबदला, तारण (कुरिअरने हमी म्हणून ठेवायची रक्कम) आणि मुदत लिहायची असते. माल पोचला नाही तर तारण तुम्हाला मिळतं, म्हणून तारण मालाच्या पूर्ण किमतीएवढं ठेवायचं. इथे गडबड होते ती दाराचीच. कॉन्ट्रॅक्टमध्ये पत्ता भाड्याच्या अस्ट्राहसचा घातला, पण कुरिअरच्या पात्राला तिथे डॉक करता येत नाही. तो दारापर्यंत येतो, आत जाऊ शकत नाही, मुदत संपते आणि त्याचं तारण जातं. हा सापळा मुद्दाम लावणारेही असतात, त्यामुळे जाणते कुरिअर परक्या बांधकामाचा पत्ता दिसला की कॉन्ट्रॅक्ट घेतच नाहीत. उपाय दोन. एक, कुरिअरचं पात्र आधी कळवून मालकाकडून तेवढ्या दिवसांसाठी लिस्टमध्ये घालून घ्यावं. दोन, त्याच सिस्टिममध्ये गेमचं स्टेशन असेल तर पत्ता तिथला द्यावा आणि शेवटची खेप स्वतः न्यावी.

बोलणं लिहून ठेवायचं

गेम हा करार बघत नाही आणि इस्कची फसवणूक झाली तर कंपनी भरपाई देत नाही. तरीही लिहावं, कारण नंतरचे वाद बहुतेक वेळा विसरण्यातून होतात, लबाडीतून कमी. गेममधल्या मेलमध्ये एवढं पुरतं:

"दादा, ठरल्याप्रमाणे लिहितो. पात्र एकच, माझं. माल माझ्या व्यक्तिगत हँगरमध्ये राहील. भाडं दर 30 दिवसांनी आगाऊ, पाठवताना कारणात महिना लिहीन. तुम्ही ॲक्सेस काढणार असाल किंवा बांधकाम उचलणार असाल तर 7 दिवस आधी सांगाल. हल्ला झाला किंवा इंधन संपत आलं तर त्याच दिवशी कळवाल. तुमच्या निर्णयाने माल ॲसेट सेफ्टीत गेला तर शुल्क तुमचं, हल्ल्याने गेला तर माझं. मान्य असेल तर उत्तरात 'मान्य' लिहा."

शुल्क कुणाचं, हे शेवटून दुसरं वाक्य सोडू नये. भांडण होतं ते त्यावरच. आणि भाडं एका वेळी एकाच महिन्याचं द्यावं. सहा महिन्यांचं एकदम दिलं तर थोडी सूट मिळते, पण मालकाने दुसऱ्या आठवड्यात दार लावलं तर ते परत मिळवायचा कोणताही मार्ग नाही. अनामत रक्कम तर देऊच नये. मालकाच्या बांधकामाला तुमच्या मालाने काही नुकसान होत नाही, मग अनामत कशाची?

भाडं फक्त इस्कमध्ये. "यूपीआय करून टाक, सोपं पडेल" असं मित्रमंडळीत सहज म्हटलं जातं, पण गेममधल्या जागेचे किंवा मालाचे रुपये घेणं हे खऱ्या पैशांचा व्यापार ठरतं. ते नियमाने बंद आहे आणि खातं बंद होऊ शकतं, देणाऱ्याचंही. तसंच कोठारासाठी आपलं खातंच दुसऱ्याला वापरायला देणं हेही नियमाबाहेर आहे.

वेळेचं एक. गेमचं घड्याळ यूटीसीवर चालतं आणि रोज 11 वाजता, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला, सर्व्हर थोडा वेळ बंद होतो. मुदत "पाच तारखेपर्यंत" अशी ठरवली तर कोणत्या घड्याळाची पाच, हेही लिहावं. साडेपाच तासांचा फरक असतो.

जागा सोडताना हँगरबरोबर बाजारात लावलेले विक्रीचे ऑर्डर, चालू असलेले कॉन्ट्रॅक्ट, जंप क्लोन आणि कारखान्यात पडलेले ब्लूप्रिंटही तपासावे. मालक बांधकाम उचलायला लागला की ते सुटायला सात दिवस जातात. त्या सात दिवसांत दार उघडं असेल तर शुल्काशिवाय सगळं काढता येतं. आठव्या दिवशी उरलेल्या एका गठ्ठ्यासाठीही पाच दिवस थांबावं लागतं.